बिल एप्रिलात येतं, ठरतं फेब्रुवारीत: पुण्यात नव्याने घर घेतलेल्यांसाठी

दर एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ठरलेला प्रयोग होतो. कुणीतरी मिळकतकराच्या बिलाचा फोटो टाकतं, खाली फक्त ‘एवढा??’ असं लिहितं, आणि मग खड्डे, पाण्याचा टँकर, भटकी कुत्री, नगरसेवक असं सगळं निघतं. दोन दिवस ग्रुप तापतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी ‘३१ मेच्या आत भरा, सवलत आहे’ असं टाकतं आणि सगळे गुपचूप बिल भरून मोकळे होतात.

या भांडणाची वेळच चुकलेली असते. त्या बिलातल्या कराचे दर फेब्रुवारीत ठरून गेलेले असतात. त्या पैशांतून आपल्या गल्लीत काय व्हावं हे सुचवायची मुदत तर त्याच्याही आधी, पावसाळ्यातच, संपलेली असते. एप्रिलमध्ये हातात येतो तो निकाल. म्हणून पुण्यात नवीन घर घेतलेल्या, किंवा दुसऱ्या गावाहून इथे येऊन राहिलेल्या मंडळींसाठी हे सगळं क्रमाने लिहितो आहे. मी महापालिकेत नोकरीला नाही. सोसायटीचा सचिव म्हणून सहा वर्षं फायली वागवल्या, तेवढीच माझी पात्रता.

आधी चार शब्द

गावाकडे ज्याला घरपट्टी म्हणतात आणि मुंबईत मालमत्ता कर म्हणतात, त्याला पुण्यात मिळकतकर म्हणतात. चौकशीला जाल तेव्हा हाच शब्द वापरा. तुमच्या भागाची आकारणी पाहणारा जो कर्मचारी असतो त्याला इथे अजूनही ‘पेठ निरीक्षक’ म्हणतात, मग तुम्ही पेठेत राहा नाहीतर बाणेरच्या विसाव्या मजल्यावर. बजेटला महापालिकेच्या भाषेत अंदाजपत्रक म्हणतात, आणि हा शब्द अगदी शब्दशः घ्या. तो अंदाज असतो. पैसे तिजोरीत आहेत असा त्याचा अर्थ होत नाही.

तीन जागा लक्षात ठेवा. आयुक्त हे शासनाने नेमलेले अधिकारी, सगळं प्रशासन त्यांच्या हाताखाली. स्थायी समिती म्हणजे सोळा नगरसेवकांची समिती, पैशाच्या नाड्या तिच्याकडे. आणि मुख्य सभा म्हणजे सगळे नगरसेवक एकत्र, शेवटचा शब्द त्यांचा. हे तिघे कोणत्या क्रमाने बोलतात, यावर तुमचं बिल आणि तुमचा रस्ता दोन्ही अवलंबून असतात.

पायरी पहिली: वर्षाचं चक्र समजून घ्या

आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, पण त्याची तयारी आदल्या पावसाळ्यात लागते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास नागरिकांकडून कामांच्या सूचना मागवतात. त्यानंतर पाणीपुरवठा, पथ, उद्यान, आरोग्य अशी प्रत्येक खाती आपापली मागणी पाठवतात. मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांच्या कार्यालयात ती जुळवली जाते. प्रत्येक खातं दीडपट मागतं, कारण अर्धं कापलं जाणार हे त्याला ठाऊक असतं. घरात दिवाळीच्या खरेदीची यादी करताना मुलं जे करतात तेच.

मग कायद्याने ठरलेला क्रम सुरू होतो. हा कायदा म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ सालचा. मुंबई सोडून राज्यातल्या बाकी महापालिका त्यावर चालतात. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ सालचा. नव्या वर्षाचे कराचे दर मुख्य सभेने २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे, आणि अंदाजपत्रक ३१ मार्चच्या आत मंजूर करायचं. आयुक्त आपलं अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात, समिती त्यात बदल करते, मग समितीचे अध्यक्ष ते मुख्य सभेत मांडतात. म्हणून दरवर्षी वर्तमानपत्रात दोन वेगळे आकडे दिसतात. आधी आयुक्तांचा, नंतर स्थायी समितीचा. दुसरा जवळजवळ नेहमीच फुगलेला असतो, कारण समिती कामं वाढवते आणि त्यासाठी जमा बाजूचा अंदाजही वाढवून दाखवते. तुटीचं अंदाजपत्रक मांडायची सोय नाही, त्यामुळे खर्च वाढवायचा तर कागदावर उत्पन्नही वाढवावंच लागतं.

या क्रमातली सगळ्यात दुर्लक्षित तारीख २० फेब्रुवारीची. आधी दर ठरतात, खर्चाची यादी नंतर. त्यामुळे फेब्रुवारीत ‘यंदा करवाढ नाही’ किंवा ‘करवाढीचा प्रस्ताव’ अशी बातमी दिसली की ती तुमच्या बिलाची बातमी आहे. मार्चमधल्या उड्डाणपुलांच्या घोषणांपेक्षा ती आधी वाचा. २०२१ मध्ये प्रशासनाने मिळकतकरात अकरा टक्के वाढ सुचवली होती आणि स्थायी समितीने ती फेटाळली. मिळकतकराचे दर त्या वर्षी का वाढले नाहीत, याचं उत्तर तिथे आहे.

मध्यंतरी हे चक्र बिघडलेलं होतं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, आणि आयुक्त हेच प्रशासक झाले. स्थायी समितीचे आणि मुख्य सभेचे अधिकारही त्यांच्याकडेच. अंदाजपत्रक मांडायचं त्यांनी आणि मंजूर करायचं त्यांनीच. त्या काळात २०२३-२४ चं ९,५१५ कोटींचं, २०२४-२५ चं ११,६०१ कोटींचं आणि २०२५-२६ चं १२,६१८ कोटींचं अंदाजपत्रक आलं, तिन्ही मार्च महिन्यात. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आणि सभागृह परत आलं. तुम्ही प्रशासकाच्या काळात पुण्यात आला असाल, तर ‘अंदाजपत्रक म्हणजे आयुक्तांचं भाषण’ अशी समजूत झालेली असेल. ती आता सोडा. आता ज्यांच्याशी बोलायचं ते तुमच्या प्रभागातून निवडून आलेले नगरसेवक आहेत.

पायरी दुसरी: जमा बाजू आधी वाचा

अंदाजपत्रकाचे खंड महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळतात. उघडल्यावर बहुतेक जण थेट ‘आपल्या रस्त्याला किती’ हे शोधतात. मी सांगेन, आधी जमा बाजू बघा.

शहराकडे पैसा येतो कुठून? पूर्वी जकात होती, नाक्यावर ट्रकची रांग लावून घेतलेली. पुण्यात २०१३ साली तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. आता राज्य सरकार त्या बुडालेल्या उत्पन्नापोटी दरमहा अनुदान देतं. म्हणजे जे पैसे पूर्वी शहर स्वतः गोळा करायचं, ते आता मंत्रालयाकडून येतात. त्याच्या जोडीला मिळकतकर, बांधकाम परवानग्यांचं विकास शुल्क, पाणीपट्टी, मुद्रांक शुल्कावरचा अधिभार आणि केंद्र-राज्याची योजनांची अनुदानं.

यातलं विकास शुल्क बांधकाम व्यवसायाच्या तेजी-मंदीवर हेलकावे खातं. अनुदान दुसऱ्याच्या हातात. शहराच्या स्वतःच्या हातात खात्रीचा असा मोठा कर एकच उरतो, मिळकतकर. म्हणून वसुलीसाठी थकबाकीदाराच्या दारात बँड वाजवायला महापालिका मागेपुढे पाहत नाही. हे अतिशयोक्तीने म्हणत नाही, खरोखर बँड पथक पाठवतात.

तक्त्यात प्रत्येक ओळीपुढे काही रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष जमा किती, चालू वर्षाचा अंदाज किती, त्याचा सुधारित अंदाज किती, आणि येत्या वर्षाचा अंदाज किती. नवख्या माणसाने फक्त पहिला आणि शेवटचा रकाना शेजारी ठेवून बघावा. समजा एखाद्या ओळीत प्रत्यक्ष जमा शंभर रुपये आणि पुढच्या वर्षाचा अंदाज एकशे साठ, तर थांबा. हे साठ रुपये कुठून येणार? नवीन कर नाही, मोठी वसुली मोहीम नाही, तर ते बहुधा येणारच नाहीत. आणि ते आले नाहीत तर खर्चाच्या बाजूची साठ रुपयांची कामं डिसेंबरनंतर गुपचूप थांबतात. तुमच्या गल्लीचं काम ‘अंदाजपत्रकात आहे पण होत नाही’ याचं कारण बरेचदा जमा बाजूच्या या फुगवट्यात सापडतं.

पायरी तिसरी: खर्चाच्या बाजूला दोन शब्द हुडका

खर्चाचे दोन ढीग असतात. महसुली म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, वीज, औषधं, देखभाल-दुरुस्ती, कचरा उचलणं. भांडवली म्हणजे नवीन पूल, टाक्या, जलवाहिन्या, इमारती. महसुली खर्च टाळता येत नाही, त्यामुळे पैसे कमी पडले की कात्री भांडवलीला लागते. इथपर्यंत सोपं आहे.

दोन शब्द मात्र खास इथले. एक, ‘स’ यादी. नगरसेवकांनी आपापल्या भागासाठी सुचवलेल्या छोट्या कामांची ही यादी. बाकडी, गल्लीचं काँक्रिटीकरण, ड्रेनेजची झाकणं, कमानी. तुमच्या सोसायटीसमोर अचानक ठिकठाक असलेले ब्लॉक उखडून नवे बसवले गेले, तर त्याचा उगम बहुधा या यादीत असतो.

दुसरा शब्द ‘वर्गीकरण’. एका कामासाठी ठेवलेली तरतूद वर्षाच्या मध्यात दुसऱ्या कामाकडे वळवणं. कायद्याने ते शक्य आहे आणि कधी गरजेचंही असतं. भूसंपादन अडलं म्हणून पैसे पडून राहण्यापेक्षा दुसरीकडे वापरलेले बरे. पण मार्चमध्ये पाहिलेलं अंदाजपत्रक डिसेंबरात तसंच असेल असं धरून चालू नका. आपल्या कामाची तरतूद वर्ग झाली का, हे तपासायला स्थायी समितीची कार्यपत्रिका, म्हणजे बैठकीपुढच्या विषयांची यादी, बघत राहावं लागतं. कंटाळवाणं आहे, मान्य. आमच्या सोसायटीत हे काम एका निवृत्त बँक अधिकारी काकांनी घेतलं आहे. सकाळी चहासोबत ते कार्यपत्रिका वाचतात, बाकीचे लोक राशिभविष्य वाचतात तशी.

पायरी चौथी: बिल हातात घ्या आणि वरपासून वाचा

आता मुख्य मुद्दा. बिलावर सगळ्यात वर मिळकत क्रमांक असतो, विभाग, पेठ आणि खाते क्रमांक मिळून बनलेला. हा फोनमध्ये जपून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी तोच विचारतात. नाव कुणाचं आहे ते बघा. जुनं घर घेतलं असेल तर तिथे आधीच्या मालकाचं नाव असेल. खरेदीखत झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत हस्तांतरणाची सूचना महापालिकेला द्यायची असते. दस्त नोंदवला म्हणजे बिलावरचं नाव आपोआप बदलतं असं समजून लोक वर्षानुवर्षं राहतात. आणि घर घेण्याआधीची एक गोष्ट: कराची थकबाकी मिळकतीला चिकटलेली असते. मालक बदलला तरी ती घराबरोबर येते. त्यामुळे व्यवहारापूर्वी मिळकत क्रमांक मागून घ्या आणि थकबाकी ऑनलाइन तपासा. दोन मिनिटांचं काम आहे.

त्याखाली ‘वार्षिक करपात्र रक्कम’. सगळं बिल या एका आकड्यावर उभं असतं. पुण्यात कर भाडेमूल्यावर आकारतात: तुमचं घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं येईल, याचा महापालिकेने धरलेला अंदाज. प्रत्यक्ष बाजारभावाशी त्याचा फारसा संबंध नसतो. प्रत्येक भागाला दर चौरस फुटाला एक मासिक दर ठरलेला असतो आणि तुमची इमारत पहिल्यांदा कधी आकारली गेली त्यावरही तो अवलंबून असतो. म्हणूनच शेजारच्या १९८५ सालच्या इमारतीत तेवढ्याच क्षेत्रफळाच्या फ्लॅटला तुमच्या निम्मा कर असू शकतो. अन्याय वाटतो, पण यात कुणी लबाडी केलेली नसते. जुन्या आकारणीला जुना दर, इतकंच. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर, म्हणजे रेडी रेकनरच्या, सरकारने ठरवलेल्या भावाला धरून कर लावतात, आणि तिथे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून करमाफी आहे. मुंबईहून पुण्याला आलेले लोक ‘आम्हाला तर कर नव्हता’ म्हणून भांडतात ते यामुळे. ती माफी इथे लागू नाही.

आकडा करून बघू. दर आणि टक्के मी हिशेबाच्या सोयीसाठी धरलेत, तुमचे तुमच्या बिलावरून घ्या. समजा फ्लॅट ६५० चौरस फुटांचा आणि दर महिन्याला चौरस फुटाला ४ रुपये. महिन्याचं धरलेलं भाडं २,६०० रुपये, वर्षाचं ३१,२००. दुरुस्ती-देखभालीपोटी कायद्याने १० टक्के वजा होतात. उरले २८,०८०. ही तुमची करपात्र रक्कम. या रकमेवर सगळ्या करांचे टक्के मिळून समजा ५० भरले, तर कर झाला १४,०४० रुपये.

आता तेच घर तुम्ही स्वतः राहण्यासाठी वापरता असं नोंदलेलं असेल तर भाडेमूल्यात ४० टक्के सवलत. ३१,२०० चे झाले १८,७२०, दहा टक्के वजा जाता १६,८४८, आणि कर ८,४२४. एका नोंदीने वर्षाला ५,६१६ रुपयांचा फरक. या नोंदीवर पुढे वेगळं लिहितो, कारण त्यात मी स्वतः आपटलो आहे.

करपात्र रकमेखाली करांची यादी येते. सर्वसाधारण कर हा त्यातला मुख्य. मग सफाई कर, अग्निशामक कर, वृक्ष कर, पथ कर, जललाभ कर, जलनिःसारण लाभ कर, मनपा शिक्षण उपकर, आणि पाणीपट्टी. शिवाय राज्य सरकारचा शिक्षण कर. दुकान किंवा ऑफिस असेल तर रोजगार हमी कर. हे सरकारी कर महापालिका फक्त गोळा करून पुढे पाठवते. त्यामुळे ‘महापालिकेने वाढवलं’ म्हणण्याआधी वाढ कोणत्या ओळीत झाली ते बघा.

पाणीपट्टीच्या ओळीकडे विशेष लक्ष द्या. ‘यंदा करवाढ नाही’ अशी बातमी येऊनही बिल वाढलेलं दिसतं, त्याचा खुलासा तिथे असू शकतो. चोवीस तास पाणी योजनेसाठी २०१६ मध्ये पाणीपट्टीची टप्प्याटप्प्याने वाढ एकाच ठरावाने मंजूर झाली, पुढच्या अनेक वर्षांची. त्या दिवशी सभागृहात हात वर झाले आणि नंतर दरवर्षी कुणाला काही विचारायची गरज उरली नाही.

पायरी पाचवी: चाळीस टक्क्यांची नोंद तपासा

घरमालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत ही पुण्याची जुनी प्रथा, १९७० पासूनची. लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप निघाले, राज्य सरकारने ती रद्द ठरवली, आणि २०१९ नंतर आकारणी झालेल्या घरांना ती मिळेना. जुन्यांनाही फरकाची वसुली येणार अशी धास्ती होती. पुणेकर एरवी एकमेकांशी सहमत होत नाहीत, या विषयावर झाले. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा मान्य केली. मात्र महापालिका पूर्वी देत असलेली देखभालीची १५ टक्के वजावट कायद्याप्रमाणे १० वर आली. शहराचा कर शहर ठरवतं म्हणतात, पण शेवटची किल्ली मुंबईत असते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

ही सवलत आपोआप मिळेल असं धरू नका. तिच्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज असतो. सोबत स्वतः राहत असल्याचा सोसायटीचा दाखला आणि मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, गॅस जोडणी अशांपैकी पत्त्याचा पुरावा. महापालिकेच्या तुमच्या भागातल्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा पेठ निरीक्षकाकडे द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा.

आता माझी फजिती. आत्ताचा फ्लॅट मी २०२३ च्या दिवाळीत घेतला, त्याच सोसायटीत, दुसऱ्या विंगमध्ये. आधीच्या मालकाने तो भाड्याने दिलेला होता, म्हणून त्याच्या बिलात सवलत नव्हती. मी सचिव. गेल्या वर्षभरात अठ्ठावीस सभासदांना पीटी-३ साठी राहण्याचे दाखले मी स्वतः सही करून दिलेले. स्वतःचं बिल मात्र दोन वर्षं फोनवरून बटण दाबून भरत गेलो, उघडून पाहिलं नाही. शेवटी बायकोने तिच्या बहिणीच्या बिलाशी ताडून पाहिलं आणि विचारलं, ‘अहो, आपण भाडेकरू आहोत का?’ अर्ज केला, पुढच्या बिलात सवलत आली. मागच्या दोन वर्षांचा फरक मी माझ्या आळशीपणाच्या खात्यावर टाकला आहे.

घर भाड्याने दिलंत तर उलट करायचं असतं, सवलत सोडायची असते. तपासणीत सापडलं तर फरकाची मागणी येते.

पायरी सहावी: भरणं

बिल दोन सहामाह्यांचं असतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. दोन्ही एकदम भरलेलं बरं. ३१ मेपर्यंत भरल्यास रकमेनुसार पाच किंवा दहा टक्के सवलत असते, कधी मुदत वाढवतात. पण ही सवलत फक्त सर्वसाधारण करावर असते, पूर्ण बिलावर नाही. दरवर्षी ग्रुपवर कुणीतरी एकूण रकमेच्या दहा टक्के हिशेब करून ‘फसवलं’ म्हणतं. सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत असे प्रकल्प चालू ठेवणाऱ्या सोसायट्यांना वेगळी सवलत आहे, तीही सर्वसाधारण करातच.

मुदत उलटली की दरमहा दोन टक्के दंड चढतो. वर्षाचे चोवीस टक्के. क्रेडिट कार्ड सोडलं तर एवढं महाग कर्ज कुठे मिळत नाही. मधूनमधून दंडमाफीची अभय योजना येते, आणि वेळेवर भरणारे हात चोळत बसतात. तिच्या भरवशावर थांबू नका. ती कधी येईल याचं वेळापत्रक नसतं. दंडाचं मात्र असतं.

अनधिकृत बांधकाम असेल तर कराच्या दुपटीपर्यंत शास्ती, म्हणजे दंड, बसू शकतो, म्हणजे एकूण तिपटीपर्यंत. आणि असा कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. तसंच बिलावर नाव आलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही. या दोन समजुतींवर लोकांनी आयुष्याची पुंजी लावलेली मी पाहिली आहे.

महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये आलेली अकरा आणि २०२१ मधली तेवीस गावं हा वेगळाच विषय आहे. ग्रामपंचायतीच्या दरावरून महापालिकेच्या दरावर जाताना कर टप्प्याटप्प्याने चढतो आणि त्यावरून वाद पेटलेला आहे. त्या गावांत घर घेत असाल तर मालकाने दाखवलेल्या जुन्या पावतीवर विसंबू नका. आजची मागणी किती आणि त्यातल्या कोणत्या वसुलीला स्थगिती आहे हे कार्यालयातच विचारा.

पायरी सातवी: पटत नसेल तर

तक्रार दोन प्रकारची असते, आणि दोन्ही एकाच खिडकीवर नेऊन फायदा नाही. कराचे टक्के जास्त वाटत असतील तर तो मुख्य सभेचा निर्णय. त्याला पेठ निरीक्षक काही करू शकत नाही, त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. पण क्षेत्रफळ चुकलं, वापर चुकीचा नोंदला, बाल्कनी दोनदा मोजली, तर ती आकारणीची चूक. नवीन आकारणी किंवा वाढ झाली की विशेष नोटीस येते आणि हरकतीची मुदत तिच्यावरच छापलेली असते. त्या मुदतीत लेखी हरकत द्या. सोबत मंजूर नकाशा, करारनाम्यातलं क्षेत्रफळ आणि शेजारच्या तशाच फ्लॅटचं बिल जोडा. सुनावणीला स्वतः जा. शेजारचं बिल हा सगळ्यात बोलका पुरावा असतो.

सुनावणीतही नाही पटलं तर कायद्याच्या कलम ४०६ खाली न्यायालयात अपील आहे. मुदत फक्त पंधरा दिवस, आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. त्यामुळे पाच-सात हजारांच्या फरकासाठी कुणी तिथे जात नाही. जे काही मिळवायचं ते सुनावणीतच मिळवा.

पायरी आठवी: तोंड उघडायची खरी वेळ

पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक अशी सोय आहे. आपल्या भागातलं काम सुचवायचा एक अर्ज, क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन. काम पाच लाखांच्या आतलं आणि महापालिकेच्या जागेवरचं हवं. पदपथ, दिवे, बाकं, बसथांबा, सार्वजनिक स्वच्छतागृहाची दुरुस्ती असं. सूचना छाननीनंतर प्रभाग समितीपुढे जातात, मंजूर झाल्या तर अंदाजपत्रकात येतात. एवढ्या मोठ्या शहराच्या मानाने अर्ज फार थोडे येतात. म्हणजे तुमच्या अर्जाला गर्दीची अडचण नाही.

आमचा पहिला अर्ज मी लिहिला होता: ‘सोसायटीसमोरचा रस्ता चांगला करावा.’ नामंजूर. व्हायलाच हवा होता. कुठून कुठपर्यंत, काय बिघडलंय, काही नाही, आणि रस्त्याचा निम्मा भाग तर आमच्याच आवारात येत होता. दुसऱ्या वर्षी बँकवाले काका आणि मी टेप घेऊन उतरलो. किराणा दुकानाच्या कोपऱ्यापासून तिसऱ्या विजेच्या खांबापर्यंत पदपथ, अडतीस मीटर, रुंदी दीड, दोन ठिकाणी गटाराचं झाकण वर आलेलं, सकाळी शाळेची मुलं त्यामुळे रस्त्यावरून चालतात. चार फोटो, हाताने काढलेला नकाशा. काकांनी नकाशात उत्तर दिशेचा बाणही काढला. कुणी मागितला नव्हता.

अर्ज सप्टेंबरात दिला. जानेवारीत कनिष्ठ अभियंत्याचा फोन आला, ‘जागा दाखवायला थांबाल का?’ थांबलो. एप्रिलमध्ये अंदाजपत्रकाचा खंड उघडून काकांनी दोन संध्याकाळी खर्चून ती ओळ शोधून काढली. शेकडो ओळींमध्ये एक, आमच्या गल्लीचं नाव आणि पुढे तीन लाख. मी तिच्यावर पेनने गोल करून फोटो ग्रुपवर टाकला.

पहिलं उत्तर तिसऱ्या मजल्यावरून आलं: ‘छान. पण यंदाचं बिल बघितलंत का? एवढा??’